मोग एक, ओढी अनेक

गोव्यात रायबंदरहून चोडण बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीत संध्याकाळी धड उभं राहायलाही जागा नसते. स्कूटरी एकमेकींना खेटून लागलेल्या, हँडलांच्या मधे माणसं अडकलेली. गेल्या श्रावणात अशाच गर्दीत माझी भाची मला म्हणाली, "मावशी, एक विचारू? हसायचं नाही पण."

ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या नाटकात एक मुलगा पदं गातो. तो गायला लागला की हिची नजर त्याच्यावरून हलत नाही. मैत्रिणी "तुझा क्रश आहे गो" म्हणून मोकळ्या झाल्या आणि एकीने तर हिला न विचारता त्याला सांगूनही टाकलं. आता तो हिला मेसेज पाठवतो, कँटीनमध्ये शेजारी येऊन बसतो, आणि तो बसला की हिला उठून जावंसं वाटतं. "गाताना एवढा आवडतो, मग शेजारी बसला की नकोसा का होतो? माझंच काही बिघडलंय का?"

मी फोंड्याच्या एका हायर सेकंडरीत मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे घरात असल्या प्रश्नांचं खातं माझ्याकडे. त्या दिवशी मी एवढंच म्हटलं की बिघडलेलं काही नाही, फक्त दोन वेगळ्या गोष्टींना तुम्ही एकच नाव ठेवलंय. बाकीचं सांगायच्या आत चोडणचा धक्का आला. ते इथे सांगते.

आमच्यासारख्या घरांत बोलायला कोंकणी आणि वाचायला-लिहायला मराठी. कोंकणीतला 'मोग' म्हणजे प्रेम, आणि हा शब्द ऐसपैस आहे. आईचा पोरावरचा मोग, गावाचा मोग, आणि "हांव तुजो मोग करतां" म्हणणाऱ्या प्रियकराचाही मोगच. मराठीत मात्र माया वेगळी, लोभ वेगळा, जिव्हाळा वेगळा. आजी नातवावर माया करते, तिला त्याची भुरळ पडत नाही. नजर खिळते, मन बसतं, जीव जडतो, वेड लागतं, आणि यातलं एक झालं म्हणजे दुसरं झालंच असं कुणी धरून चालत नाही. एवढं सामान घरात असताना हल्ली आपण सगळं 'क्रश' नावाच्या एकाच बरणीत भरतो आणि मग आमसुलं काढायला हात घातला तर मीठ हाताला लागतं.

आकर्षण म्हणजे एखाद्या माणसाकडे ओढलं जाणं. ओढ कुणाकडे आहे हे पटकन कळतं. कशासाठी आहे ते कळायला वेळ लागतो. म्हणून मी मुलांना एक सोपा प्रश्न देते. 'मला कोण आवडतं' हे थोडा वेळ बाजूला ठेवा आणि 'या माणसाबरोबर मला नेमकं काय करावंसं वाटतं' हे विचारा. बघत राहावंसं वाटतं? बोलत राहावंसं? मांडीवर डोकं ठेवावंसं? शरीरसंबंध यावा असं? की याच्या आयुष्यात माझी खास जागा असावी, ती दुसऱ्या कुणाला मिळू नये, असं? प्रत्येक उत्तराची ओढ निराळी.

भाचीची ओढ बघण्या-ऐकण्याची आहे. तिला सौंदर्याचं आकर्षण म्हणतात. गोव्यात तरी हे समजायला जड जाऊ नये. आमच्याकडे गावोगावच्या जत्रेला, कालोत्सवाला देवळासमोर मराठी नाटक होतंच. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर (१९००–१९४२) गाजले ते आधी स्त्रीभूमिकांनी. तेव्हाच्या संगीत नाटकांत बायकांची कामं पुरुषच करत. लुगडं नेसून उभ्या राहिलेल्या त्या रूपावर आणि गळ्यावर जीव टाकणारे पुरुष होते, बायका होत्या, म्हातारे होते. त्यांतल्या कितीजणांना त्या नटाशी संसार थाटायचा होता? प्रयोग संपला की सगळे आपापल्या घरी जाऊन पेज जेवत असणार. समुद्रावर सूर्य बुडताना आपण खिळून उभे राहतो, तसंच माणसाकडे बघूनही होतं. फरक इतकाच की सूर्य नंतर मेसेज करत नाही.

स्पर्शाची ओढही अशीच वेगळी काढता येते. कुणीतरी डोक्याला तेल लावून द्यावं, कुशीत घ्यावं, हातात हात धरून चालावं. यात कामवासना असेलच असं नाही. माझ्या लहानपणी गावातले बाप्ये एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाजारात फिरायचे, कुणाला त्यात काही दिसायचं नाही. आज अकरावीतली मुलं मित्राच्या खांद्यावरचा हात पटकन काढून घेतात, कुणी काही बोलेल म्हणून. स्पर्शाचा एकच अर्थ शिल्लक राहिला तर माणसं उपाशी राहतात, असं मला तरी वाटतं.

खरा गुंता होतो तो शरीराच्या आणि प्रीतीच्या ओढीत. लैंगिक आकर्षण म्हणजे एखाद्या विशिष्ट माणसाशी शरीरसंबंध यावा असं वाटणं. प्रणयाचं आकर्षण म्हणजे जोडी व्हावी असं वाटणं. सकाळी पहिला मेसेज त्याचा यावा, आनंदाची बातमी आधी त्याला सांगावी, त्याच्या मनात आपण असावं. बऱ्याच माणसांना या दोन्ही एकाच वेळी आणि एकाच व्यक्तीविषयी वाटतात. त्यामुळे त्या एकच आहेत असा समज घट्ट बसला आहे. नारळात खोबरं आणि पाणी एकत्र मिळतं म्हणून कुणी खोबऱ्याला पाणी म्हणत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी २००३ साली या विषयावर एक महत्त्वाचा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. कामेच्छेची यंत्रणा आपल्यात घडली ती प्रजननासाठी. जीव लावण्याची यंत्रणा मात्र निराळी, आणि तिचं मूळ तान्हं मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्या नात्यात आहे. तान्ह्या मुलाला मुलगा-मुलगी यात निवड करायची नसते, जवळ घेणारं माणूस हवं असतं. म्हणून माणसाची कामेच्छा एकीकडे वळलेली असली तरी त्याचा जीव कुठेही जडू शकतो. स्त्रियांवर जीव जडणाऱ्या पण शरीराने पुरुषांकडेच ओढल्या जाणाऱ्या बाईला यात काही कोडं दिसायला नको. इलेन हॅटफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली चार ते अठरा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा वयात न आलेल्या लहान मुलांतही कुणाविषयी तरी उत्कट ओढ दिसली होती. दुसरीतल्या मुलाने बाकावरच्या मुलीसाठी रोज खिशातून चिक्कू आणावा, ती गैरहजर असली की रडावं, हे शिक्षकांनी पाहिलेलं असतं. आपण हसतो आणि विसरतो.

मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर यांनी हेच मेंदूच्या बाजूने मांडलं. कामेच्छा, एका माणसाचा ध्यास आणि दीर्घ काळाची जवळीक अशा तीन यंत्रणा त्यांनी वेगळ्या काढल्या. पहिलीचा संबंध टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेनशी, दुसरीचा डोपामीनशी, तिसरीचा ऑक्सिटोसिन आणि व्हासोप्रेसिनशी. तिन्ही एकमेकींवर परिणाम करतात, पण एक चालू झाली म्हणून बाकीच्या होतीलच असं नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणारं 'प्रेमाचं हार्मोन' वगैरे मात्र मनावर घेऊ नये. एका रसायनाचं एक काम असं शरीरात सहसा नसतं.

आता माझी गोष्ट, कारण दुसऱ्याच्या पोरीला शहाणपण सांगताना आपलं झाकून ठेवणं बरं नव्हे.

सव्विसाव्या वर्षी मला एक माणूस भेटला. मडगावला एका व्याख्यानानंतर चहा पिताना ओळख झाली आणि बोलणं सुरू झालं ते दोन वर्षं थांबलं नाही. राजकारण, इतिहास, देवधर्म, कुठल्याही विषयावर तो माझ्याशी भांडायचा आणि मी रात्री झोपताना उद्या काय उत्तर द्यायचं ते ठरवायची. दोघांच्या घरच्यांना वाटलं हे जमलंच. मलाही वाटलं. गोव्यात लग्नाची नोंदणी दोन टप्प्यांत होते. इथे पोर्तुगीज काळातला १८६७ चा नागरी कायदा कुटुंबाच्या बाबतीत अजून चालतो. सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी लग्नाचा इरादा जाहीर करायचा, ती 'पहिली सही'. मग काही दिवसांनी दुसरी सही, तेव्हा लग्न. आम्ही पहिली सही केली.

त्या संध्याकाळी आम्ही दोना पावलाच्या जेटीवर गेलो. मांडवी आणि जुवारी मिळतात तिथे वारा भणाणत होता. त्याने माझा हात हातात घेतला. मी वाट बघत होते, काहीतरी वाटेल म्हणून. आणि माझ्या डोक्यात स्पष्ट विचार आला तो असा: हा हात कधी सोडतोय आणि आपण मघाचा मुद्दा कधी पुढे नेतोय? मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्याही चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलाचा भाव होता.

दुसऱ्या सहीला आम्ही गेलो नाही. घरी जे व्हायचं ते झालं. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. रजिस्ट्रारच्या कागदावर नाव, वय, आईवडील, पत्ता सगळं विचारतात, ओढ कोणत्या प्रकारची हा रकाना तेवढा नसतो. आमची ओढ बुद्धीची होती. ती खोटी नव्हती आणि कच्चीही नव्हती. तो अजून फोन करतो आणि आम्ही अजून भांडतो. तिच्यातून संसार उगवेल असं आम्ही गृहीत धरलं, चूक तेवढीच.

ओढींची एक शिडी असते, पहिल्या पायरीवर पाय ठेवला की शेवटची येणारच, हा समज फार जणांना नडतो. मैत्रीला आपण खालची पायरी समजतो. 'फक्त मैत्री' हा शब्दप्रयोग ऐकला की मला राग येतो. एखादी व्यक्ती दिसली आणि हिच्याशी आपली मैत्री व्हायलाच हवी असं तीव्रतेने वाटलं, तिने दुसऱ्या कुणाला जवळ केलं की पोटात दुखलं, हेही आकर्षणच. इंग्रजीत क्रशच्या धर्तीवर याला 'स्क्विश' म्हणतात. मराठीत जीवलग मैत्रीण म्हटलं की पुरतं.

मैत्री कुणाशी होते यात मनाचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून कमी असतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी वसाहतीचा १९५० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी दर वर्षी वर्गात सांगते. तिथे अगदी लागून असलेल्या दारांतल्या ४१ टक्के लोकांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हटलं, एक दार सोडून असलेल्या २२ टक्के आणि मजल्याच्या दोन टोकांना असलेल्या फक्त १० टक्के लोकांनी. सगळा फरक काही पावलांचा. रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ साली दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. रोजच्या फेरीत तोच चेहरा त्याच कठड्याला टेकलेला दिसतो, एक दिवस तो दिसला नाही की चुकल्यासारखं होतं. लगेच त्याला प्रेम म्हणायची घाई करू नये. पाऊस उतरेपर्यंत थांबून बघावं.

कधी तर शरीरच आपल्याला फसवतं. १९७४ साली डोनाल्ड डटन आणि आर्थर अॅरन यांनी कॅनडात व्हँकूव्हरजवळ एक प्रयोग केला. कॅपिलानो नदीवर सुमारे ७० मीटर उंचीवर एक झुलता पूल आहे. त्यावरून येणाऱ्या पुरुषांना एका तरुणीने काही प्रश्न विचारले आणि अभ्यासाविषयी काही विचारायचं असेल तर फोन करा म्हणून नंबर दिला. नंबर घेणाऱ्या १८ पैकी ९ जणांनी फोन केला. जवळच्याच भक्कम, कमी उंचीच्या पुलावर मात्र १६ पैकी दोघांनीच. छातीत धडधडत होतं ते भीतीने, ते खातं तरुणीच्या नावावर पडलं असावं असा अर्थ लावला गेला. माणसं थोडकी होती, त्यावर फार मोठा इमला उभारू नये. तरी कार्निव्हलच्या गर्दीत, ढोलाच्या दणक्यात किंवा बाइकवर भन्नाट वेगात जो कुणी एकदम आवडला, त्याला एकदा दुपारी शांतपणे चहाला भेटून बघायला हरकत नाही.

आणि वेड लागतं ते? मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनोव्ह यांनी १९७९ सालच्या पुस्तकात त्याला 'लिमरन्स' असं नाव दिलं. दिवसरात्र एकाच माणसाचा विचार, त्याने 'हं' एवढंच लिहिलं तरी त्याचा अर्थ लावत बसणं, आपल्यालाही तो हवा तसा प्रतिसाद देईल या आशेवर जगणं. याला खतपाणी मिळतं ते अनिश्चिततेचं. स्पष्ट होकार मिळाला किंवा स्पष्ट नकार मिळाला तर ते ओसरायला लागतं. अर्धवट आशेवर वर्षं जातात. मेसेजवरच्या निळ्या खुणांनी या आजाराची सोय केली आहे, असं माझं मत.

या सगळ्यातली एखादी ओढ अजिबात नसणं, हेही असतं. कॅनडातले संशोधक अँथनी बोगर्ट यांनी २००४ साली ब्रिटनमधल्या १८ हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीचे आकडे तपासले. मला कुणाविषयीही लैंगिक आकर्षण कधी वाटलेलं नाही, असं सांगणारे सुमारे एक टक्का निघाले. अशा लोकांना एसेक्शुअल म्हणतात. मराठीत 'अलैंगिक' शब्द आहे, पण तो ऐकला की आमच्या मुलांना जीवशास्त्राच्या पुस्तकातला अमीबा आठवतो, म्हणून मी इंग्रजी शब्दच वापरते. यातल्या कितीतरी जणांना प्रेमात पडता येतं, जोडीदार हवा असतो. उलट काहींना शरीराची ओढ असते पण प्रणयाची नसते, त्यांना एरोमँटिक म्हणतात. काहींना आधी जीव जडल्याशिवाय शरीराची ओढ जागतच नाही, ते डेमीसेक्शुअल. आमच्या आज्यांच्या पिढीत आधी लग्न, मग ओळख, मग कधीतरी ओढ असा क्रम असायचा. त्यांना मी हे लेबल लावणार नाही. त्यांना निवड कुठे होती?

लेबल ज्याला उपयोगी पडतं त्याने लावावं, दुसऱ्याने चिकटवू नये. वाटणं, वागणं आणि स्वतःला काय म्हणवून घेणं या तिन्ही गोष्टी सुट्या आहेत. एखाद्या मुलाला मुलगे आवडतात, तो अजून कुणाजवळ गेलेला नाही आणि स्वतःला काय म्हणायचं तेही त्याने ठरवलेलं नाही, असं असू शकतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले, तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला होता. तो फारसं काही बोलला नाही. "मॅडम, बातमी बघितली?" एवढंच. मी "बघितली" म्हटलं आणि आम्ही दोघं जरा वेळ फोन कानाला लावून गप्प बसलो. कुणाशी तरी बोलावंसं वाटलं आणि माणूस सापडला नाही तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा नंबर आहे.

हे सगळं बाहेरचं फॅड आहे, आमच्यात असलं नव्हतं, असं एका पालकसभेत मला ऐकवलं गेलं. शब्द बाहेरचे आहेत, मान्य. पण देवळात कीर्तनाला बसलेल्या माणसाने हे म्हणू नये. सोळाव्या शतकात वैष्णव आचार्य रूप गोस्वामींनी देवाविषयीच्या ओढीचेच पाच प्रकार सांगितले: शांत, दास्य, सख्य, वात्सल्य आणि मधुर. अर्जुनाला कृष्ण सखा म्हणून हवा, यशोदेला मूल म्हणून, गोपींना प्रियकर म्हणून. माणूस तोच, ओढ ज्याची त्याची. यशोदेला कुणी विचारलं नाही की तुझं प्रेम 'फक्त' वात्सल्यच का.

भाचीला हे सगळं मी तुकड्यातुकड्याने सांगितलं, काही चोडणच्या बांधावरून चालताना, काही रात्री भांडी विसळताना. मैत्रिणीने परस्पर निरोप पोचवला त्याचा तिला जास्त राग होता, आणि तो रास्त होता. आपली ओढ कुणाला सांगायची, सांगायची की नाही, हे आपण ठरवायचं असतं. त्या मुलाला मात्र खरं सांगायला हवं होतं, कारण त्याला त्यात भलतीच आशा लागली असणार.

तिने आधी चार वेळा मजकूर लिहून खोडला. शेवटी पाठवला तो असा: 'तुझं गाणं मला फार आवडतं. तेवढंच आवडतं. गैरसमज झाला त्याबद्दल सॉरी.' दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं, 'ठीक आहे. जत्रेला आमच्या गावात नाटक आहे, चार पदं आहेत मला.'

"जाऊ?" तिने मला विचारलं.

"काय करावंसं वाटतं?"

"पुढच्या रांगेत बसून ऐकावंसं."

"मग दोन खुर्च्या धर," मी म्हटलं. "आणि शाल घे, पहाटेपर्यंत चालतं ते."